गॅस की इंडक्शन? आधी हिशेब, मग भाकरी

पिंपळगाव रेणुकाईकरांनो, इंडक्शन घ्यायचं मनात असेल तर आधी हा हिशेब बघा. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट विजेएवढी उष्णता असते. चांगल्या गॅसशेगडीवर त्यातली 68 टक्क्यांच्या आसपास भांड्यात पोचते, बाकीची स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनवर सुमारे 85 टक्के. म्हणजे एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर अंदाजे 145 युनिटांत होतं.

आता सिलिंडरच्या किमतीला 145 ने भागा. येणारा आकडा तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या युनिटदरापेक्षा जास्त असेल, तरच वीज स्वस्त. वरचाच दर धरा, कारण 100 युनिटांपुढे महावितरणचा भाव चढतो.

चहा, दूध, वरण-भाताला इंडक्शन झकास. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे. आपली ॲल्युमिनियमची पातेली बाद! आणि बाजरीची भाकरी, भरताचं वांगं? त्यांना जाळच हवा. शिवाय लाइट गेली की इंडक्शन नुसतीच काचेची फरशी.

माझं मत: गॅस ठेवा, जोडीला एक इंडक्शन घ्या. फक्त 2000 वॅटच्या शेगडीला 16 अँपिअरचाच सॉकेट बसवून घ्या.