सूत आणि दशांश

पाचवीच्या वर्गात फळ्यावर ०.५ आणि ०.३५ लिहून ‘मोठं कोण?’ असं विचारलं, की बरेच हात ०.३५ च्या बाजूने वर होतात. पस्तीस पाचापेक्षा मोठे, हा त्यामागचा सरळ हिशोब. मुलं निष्काळजी नसतात. पहिलीपासून पूर्ण संख्यांनी जो नियम शिकवला, तो ती इमानदारीने पाळतात. १/८ हा १/६ पेक्षा मोठा वाटतो किंवा १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ येते, तेही त्याच नियमाने. अशा वेळी त्याच जातीची आणखी पन्नास गणितं सोडवून घेतली, तर चूकच घट्ट होते.

गोखिवऱ्यात शनिवारी मुलांचा सराव घ्यायला जातो, तेव्हा एक गोष्ट फार उपयोगी पडते. वसई पूर्वेचा हा पट्टा गाळ्यांचा आहे. लेथ, प्रेस, फॅब्रिकेशन, प्लंबिंग यांतलं काही ना काही बऱ्याच मुलांच्या घरी कानावर पडतं, आणि त्या बोलण्यात ‘सूत’ असतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. बांधकामावर तीन सुताची सळई, चार सुताची सळई असंच म्हणतात. ३/८ आणि १/२ यांत मोठं कोण, या प्रश्नावर सगळा वर्ग गप्प होता. तोच प्रश्न सुतात विचारला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, “सर, अर्धा इंच म्हणजे चार सूत. तीन सूत बारीक.” छेद समान करणं म्हणजे नेमकं हेच, आणि त्याने ते न शिकवता केलं होतं. मग पाव इंच म्हणजे दोन सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत, हे सगळ्यांनी मिळून फळ्यावर मांडलं. २/८, १/४, ६/८, ३/४. सममूल्य अपूर्णांक हे धड्याचं नाव त्यानंतर आलं तर जड जात नाही.

पुढे कागदाच्या पट्ट्या. अर्धा, पाव, आठवा भाग घड्या घालून सहज होतो. दहा सारखे भाग मात्र घडीने जमत नाहीत, आणि दशांशाला तेच हवे असतात. त्यासाठी आखीव वहीची युक्ती आहे. पट्टी वहीच्या पानावर तिरपी ठेवायची, तिच्या एका कडेचं एक टोक पहिल्या ओळीवर, दुसरं अकराव्या ओळीवर. मधल्या ओळी त्या कडेला जिथे जिथे भेटतात तिथे खुणा करायच्या. दहा भाग तंतोतंत सारखे पडतात, पट्टी कितीही लांब असो, फक्त त्या दहा ओळींच्या अंतराहून लांब हवी. मुलांना हे खरं वाटत नाही, ती फूटपट्टीने मोजून बघतात. तेवढा वेळ त्यांना द्यायलाच हवा.

आता घडीची पट्टी आणि दहा खुणांची पट्टी शेजारी ठेवली, की अर्धा बरोबर पाचव्या खुणेवर येतो. पाव कुठे येतो? दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या अगदी मधे. तिथे खूण नाही, म्हणून त्या भागाचे पुन्हा दहा भाग करावे लागतात. ०.२५ मधला पाच कुठून आला, याचं उत्तर त्या रिकाम्या जागेत आहे. आठव्या भागाला तर आणखी एकदा खाली उतरावं लागतं: ०.१२५.

दशांश शिकवताना रुपये-पैसे घ्यावेत असं सर्रास म्हटलं जातं. मला ते सुरुवातीला नको वाटतं. मुलं २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे असं वाचतात, चिन्हाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या संख्या असल्यासारखं. क्रिकेट तर याहून फसवं. ३.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की ४ षटकं होतात, कारण तिथला ठिपका दशांशाचा नाहीच. सहा चेंडूंचं षटक आणि दहाचा दशांश यांतला फरक मुलांना एकदा उलगडून दाखवावा, आणि मोजायला मीटरपट्टी घ्यावी.

पूर्वी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, तेव्हा बाजारात त्यांच्यावाचून चालत नसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ती गरज ओसरली. साडेतीनाचा पाढा आता कुणी पाठ करावा असं मी म्हणणार नाही. पण निमकी, पावकी, पाऊणकी तोंडी यायला हवी. आठ पाऊण सहा हे ज्याला चटकन येतं, तो ८ × ०.७५ चं उत्तर ६०० लिहून पुढे जात नाही. त्याला ते खटकतं.

सरावाच्या शेवटी एक प्रश्न ठेवतो: ०.३ आणि ०.४ च्या मधे काय? आधी सगळे म्हणतात, काही नाही. मग कुणाला तरी पट्टीवरचा पावाचा अनुभव आठवतो आणि ०.३५ येतो. त्यानंतर ०.३१, ०.३९. मग एका मुलीने ०.३०१ लिहिलं, शेजारणीने त्याहून लहान म्हणून ०.३००१, आणि दोघी वहीची ओळ संपेपर्यंत शून्यं वाढवत राहिल्या.