कुंडीतील फुलझाडांस पाणी केव्हा व किती द्यावे

ठाणे शहरातील टेंभी नाका नवरात्रातील देवीच्या उत्सवामुळे सर्वत्र परिचित आहे. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या या उत्सवाच्या सुमारास पावसाळा सरत आलेला असतो आणि शहरात शेवंती, गुलाब, जास्वंद व मोगरा यांची रोपे घेऊन हातगाड्या फिरू लागतात. जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांत आणि नव्या इमारतींच्या सज्जांत ही रोपे मोठ्या हौसेने आणली जातात. दिवाळी येईतो त्यांतील कित्येक रोपे मान टाकतात. विकणाऱ्याने रोप वाईट दिले अशी घेणाऱ्याची समजूत होते. घेणाऱ्याने पाणी घालण्याचा आळस केला असे विकणाऱ्यास वाटते. वस्तुतः अशी रोपे तहानेने मेलेली नसतात. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी मिळाल्यामुळे ती गुदमरून मेलेली असतात.

शेतकऱ्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही. पेरणीपूर्वी जमीन वाफशावर येण्याची तो वाट पाहतो. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे अशी स्थिती. मुळांना ओलाव्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर पडते, मुळे कुजू लागतात आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. मग भरपूर ओलीत उभे असलेले झाड तहानलेल्या झाडासारखेच कोमेजते. नवशिक्या माणसाची येथेच फसगत होते. पाने लोंबलेली पाहून तो आणखी पाणी घालतो व झाडाचा शेवट ओढवून घेतो.

यास्तव पानांकडे पाहून पाणी देऊ नये, माती पाहून द्यावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. आत ओल लागली आणि माती बोटास चिकटली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कोरडे लागले तर द्यावे. कुंडी लहान असल्यास ती उचलून पाहणे अधिक सोपे. भिजलेल्या आणि सुकलेल्या कुंडीच्या वजनातील फरक चार-आठ दिवसांत हातास कळू लागतो. दुपारच्या उन्हात पाने मलूल झाली आणि माती मात्र ओली असली, तर संध्याकाळपर्यंत थांबावे. निरोगी झाड ऊन उतरताच सावरते.

पाणी द्यावयाचे ठरले म्हणजे मात्र हात आखडता घेऊ नये. रोज थोडे थोडे शिंपडल्याने वरची बोटभर माती तेवढी भिजते, मुळे वरच राहतात आणि तळ कोरडा पडतो. तळाच्या छिद्रातून पाणी ठिबकू लागेपर्यंत सावकाश पाणी द्यावे. दहा इंची कुंडीस त्यासाठी साधारणतः एक ते दीड लिटर पाणी लागते. तथापि हे माप मातीप्रमाणे बदलते, म्हणून ठिबक हीच खरी खूण मानावी. यानंतर पुन्हा वाफसा येईपर्यंत कुंडीस हात लावू नये. रोज कुंडी भरून वाहू दिल्यास पाण्याबरोबर नत्रही धुऊन जाते व पाने पिवळी पडतात.

कुंडी आणि शेत यांत एक महत्त्वाचा भेद आहे. शेतातील जादा पाणी खोल खाली उतरते. कुंडीचा तळ वीतभर अंतरावरच असल्याने छिद्र मोकळे असूनही तळाशी काही बोटे माती दीर्घकाळ चिंब राहते. तळाशी खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो असे पुष्कळांना वाटते. हा समज बरोबर नाही. बारीक मातीतील पाणी भरड खडीत सहजासहजी उतरत नाही; चिंब थर खडीच्या वर सरकतो व मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर खापरीचा एक बाकदार तुकडा पुरे आहे. निचरा सुधारावयाचा तर मातीच हलकी करावी. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भरड वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे मिश्रण करावे.

रोपे विकणाऱ्या शेतकऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाहतुकीत मुळे हलू नयेत म्हणून कित्येक रोपांच्या मुळांभोवती चिकट तांबड्या मातीचा गोळा घट्ट दाबलेला असतो. तो गोळा तसाच कुंडीत बसविला गेला की सभोवारची भुसभुशीत माती पाणी पिते आणि गोळा आतून कोरडा राहतो. एकदा भिजला तर लवकर सुकत नाही. रोप लावताना हा गोळा पाण्यात मऊ करून कडेने हलक्या हाताने मोकळा करावा. हे एक वाक्य गिऱ्हाइकास सांगण्यास वेळ लागत नाही आणि ज्याचे रोप जगते तो पुन्हा त्याच गाडीवर येतो.

कोकणात वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत उघड्यावरील कुंड्यांस वरून पाणी देण्याचे प्रयोजन नसते; त्या विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे छिद्रे मोकळी राहतील. उलट छपराखालील सज्जात पावसाचा थेंबही न पोहोचता झाड भर आषाढात वाळलेले आढळते. एप्रिल-मे महिन्यांत मातीच्या लहान कुंडीस रोज पाणी लागू शकते, कारण ती आपल्या अंगातूनही पाणी सोडते. प्लॅस्टिकच्या कुंडीत तीच ओल अधिक दिवस टिकते.

झाडाझाडाची प्रकृतीही वेगळी असते. जास्वंदीस पाणी अधिक लागते. ती सुकली की कळ्या गाळते. सदाफुली थोडक्यात भागवते. शेवंतीची मुळे उथळ व नाजूक असून साचलेले पाणी तिला मुळीच सोसत नाही. गुलाबास पाणी सकाळी, बुडाशी द्यावे; संध्याकाळी पाने भिजवून ठेवल्यास काळ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. मोगऱ्याचे पाणी थंडीत कमी करावे, छाटणीनंतर खत देऊन पुन्हा वाढवावे, म्हणजे उन्हाळ्यात बहर चांगला येतो.

कुंडीखालच्या ताटलीकडे विशेष लक्ष हवे. तीत साठलेले पाणी मुळांस घातक असतेच, शिवाय डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. ताटली आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी. नुसते ओतून टाकणे पुरेसे नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.

पाण्यासाठी नळ सोडण्याचीही गरज नाही. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी, मीठ किंवा साबण नसल्यास, कुंड्यांस चांगले चालते. भातसा, तानसा व वैतरणेचे पाणी मुंबई महानगराकडे जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, याची जाणीव शहरातील हौशी माणसास ग्रामसेवकानेच करून द्यावी.

गणपतीस किंवा मे महिन्यात घर बंद करून गावी जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. तिचा उपाय घटस्थापनेतच आहे. नवरात्रात शेतातील मातीत धान्य पेरून मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट बसवितात. घटाच्या अंगातून पाणी झिरपते, माती जेवढी कोरडी तेवढे अधिक, आणि नऊ दिवसांत अंकुर वीतभर वाढतात. ज्या घरी तांब्याचा कलश असतो तेथे मात्र पाणी हाताने शिंपडावे लागते. मटका सिंचनाचे तत्त्व हेच होय. मोठ्या कुंडीत एक लहान, रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे आणि कुंडी उन्हातून सावलीत सरकवावी. गावी जाण्यापूर्वी आठवडाभर हा प्रयोग घरी असतानाच करून पाहावा, म्हणजे मडके किती दिवसांत रिते होते ते कळेल. लहान कुंड्यांत मडके मावत नाही. त्या शेजाऱ्याकडे सोपवाव्यात आणि जाताना बोट घालून ओल कशी पाहावयाची ते त्यास दाखवून द्यावे, अन्यथा तो प्रेमाने रोज पाणी घालील.