दोन अलीकडील चित्रपटांतील भाषाभेद

‘चित्रपटाची भाषा’ हा शब्दप्रयोग समीक्षेत सर्रास आढळतो. परंतु त्यात कॅमेरा व संकलन यांचाच विचार अभिप्रेत असतो. पात्रे प्रत्यक्षात कोणत्या भाषेत बोलतात, हा प्रश्न गौण लेखला जातो. अलीकडील दोन चित्रपटांत मात्र तोच कथावस्तूच्या केंद्रस्थानी आहे.

जुस्तीन त्रिए यांच्या ‘अनॅटमी ऑफ अ फॉल’ (२०२३) या चित्रपटास कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक लाभले. फ्रान्समधील एका डोंगराळ भागात राहणाऱ्या जर्मन लेखिकेचा फ्रेंच पती घरावरून पडून मरण पावतो व तिच्यावर खुनाचा आरोप येतो. हे दांपत्य घरी इंग्रजी बोलते. ध्वनिमुद्रित झालेल्या भांडणात पती तक्रार करतो की, आपल्याला तिच्या भाषेत बोलावे लागते. ती उत्तरते की, ही तिचीही मातृभाषा नव्हे. न्यायालयात ती आरंभी फ्रेंच बोलते. पण सूक्ष्म भेद मांडण्याची वेळ येताच तिला इंग्रजीकडे वळावे लागते. परभाषेतील अडखळणे आणि अपराध्याचे अडखळणे यांत ऐकणाऱ्याने भेद कसा करावा? तिचे स्वातंत्र्य काही अंशी यावर अवलंबून आहे. सर्व संवादांची तळटीप एकाच भाषेत वाचणाऱ्या प्रेक्षकाच्या नजरेतून हे भाषांतर नेमके निसटते. ते केवळ कानालाच कळते.

र्‍युसुके हामागुची यांच्या ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१) मध्ये हिरोशिमा येथे चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’ची तालीम चालते. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलतो : जपानी, मँडरिन, तागालोग, सोन्याची भूमिका करणारी नटी तर कोरियन खुणांच्या भाषेत. दिग्दर्शक नटांकडून संहिता भावनाविरहित स्वरात पुनःपुन्हा वाचून घेतो. यावरून, भाव भाषेच्या पलीकडून पोचतो असा निष्कर्ष काही रसिक काढतात. तो घाईचा वाटतो. संहिता सर्वांना अगोदरच ठाऊक आहे, म्हणूनच एकाचे वाक्य दुसऱ्याला उमगते; अनोळखी माणसांच्या संभाषणात ही सोय नसते. तथापि अखेरच्या प्रवेशाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. सोन्या वान्याच्या पाठीमागे उभी राहून त्याच्याभोवती हात आणते आणि त्याच्या डोळ्यांपुढे खुणांनी बोलू लागते. रंगमंचावर तेवढा वेळ पूर्ण शांतता असते.