वेडा राघू कुठं वेडा आहे?

ताईंनो, लोणी देवकरच्या शिवारात विजेच्या तारेवर बसणारा बारीक अंगाचा हिरवा पक्षी तुमच्या रोजच्या बघण्यातला आहे. नाव वेडा राघू, पण पोपटाशी त्याचं काही नातं नाही. चोचीवरून लगेच कळतं. पोपटाची आखूड, आकड्यासारखी. याची काळी, लांब, जराशी खाली वळलेली. डोकं-मान सोनेरी तांबूस, गळा निळसर, त्याखाली काळी रेघ. डोळ्यातून काजळ ओढल्यासारखी पट्टी, आणि शेपटीतून बाहेर आलेल्या दोन बारीक काड्या. नर-मादी सारखेच दिसतात. पिल्लांना मात्र या काड्या नसतात.

वेडा का म्हणायचं? तारेवरून झेप घेतो, हवेतच किडा धरतो आणि गिरकी मारून परत तिथंच येऊन बसतो. धरलेली माशी तारेवर आपटतो, घासतो, नांगी काढतो, मगच गिळतो. मधमाश्या, गांधीलमाश्या, चतुर, भुंगेरे, पंखाच्या मुंग्या, उडणारं काहीही चालतं. मधपेट्या ठेवलेल्या ताईंना त्याचा राग येणार, ते बरोबरच आहे.

पाकिस्तान, श्रीलंकेपासून व्हिएतनामपर्यंत तो आढळतो. दाट जंगल त्याला नको, उघडं रान हवं. त्यामुळं बारामती-इंदापूरचं माळरान त्याला मानवतं.

अडचण होते ती घरट्याची. हा झाडावर घरटं बांधत नाही. साधारण मार्च ते जूनमध्ये ओढ्याची दरड, बांध, मातीचा ढीग चोचीनं उकरून हातभराहून लांब बीळ करतो आणि आत पांढरी अंडी घालतो. आणि नेमकं उन्हाळ्यातच आपल्याकडं बांधावर जेसीबी चालतो.

पुण्याचे मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. माणूस जिथून बीळ दिसतं अशा जागी उभा असला, तर राघू बिळात जायला कचरतो. माणूस तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी असला, तर तो एवढा कचरत नाही. समोरच्याला काय दिसतं याचा अंदाज हा ‘वेडा’ घेतो!

म्हणून बीळ सापडलं तर समोर थांबून बघत बसू नका, आत पिल्लं उपाशी राहतील. जेसीबीवाल्याला तेवढा तुकडा दाखवून ठेवा. पिल्लं उडाली की मग खुशाल बांध नीट करून घ्या.