येणार हे नक्की, केव्हा ते गुप्त

सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका धर्मोपदेशकाचा व्हिडिओ जगभर फिरला. २३ किंवा २४ सप्टेंबरला येशू ख्रिस्त परत येणार आणि आपल्या माणसांना वर घेऊन जाणार, असे त्यात सांगितले होते. टिकटॉकवर काहींनी त्याची टर उडवली, तर काही जण खरोखरच निरवानिरव करायला लागले. २५ तारीख नेहमीसारखीच उजाडली.

असल्या बातम्या वाचून हसू येणे साहजिक आहे. पण तारखेचा भाग बाजूला ठेवला, तर त्यामागचा विश्वास मूठभरांचा नाही. ख्रिस्त पुन्हा येणार हे कॅथलिक मानतात, ऑर्थोडॉक्स मानतात, प्रॉटेस्टंटही मानतात. वसईत आणि गोव्यात रविवारच्या मिस्सेला भाविक उभे राहून ते मोठ्याने म्हणतात. दोन हजार वर्षांत या विश्वासाला दोन अटी चिकटल्या आहेत. तो येणार याबद्दल शंका घ्यायची नाही, आणि केव्हा येणार याचा हिशेब मांडायचा नाही. दुसरी अट पुन्हा पुन्हा मोडली गेली, आणि तिचा इतिहास पहिलीइतकाच मोठा आहे.

मतांगीकारातली भर

या विश्वासाचा उगम जेरुसलेमजवळच्या जैतुनांच्या डोंगरावरचा. पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांनी येशू शिष्यांदेखत स्वर्गात घेतला गेला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितले आहे. शिष्य आकाशाकडे टक लावून उभे राहिले, तेव्हा पांढऱ्या वस्त्रांतल्या दोघांनी त्यांना हटकले आणि तो जसा गेला तसाच परत येईल, अशी ग्वाही दिली. शिष्य मग जेरुसलेमला परतले आणि कामाला लागले.

इ.स. ३२५मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया या गावी बिशपांची परिषद भरली आणि ख्रिस्ती श्रद्धेचा सारांश मतांगीकाराच्या रूपाने ठरला. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त येणार, एवढेच त्यात होते. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मसुद्यात दोन गोष्टी वाढल्या: हे येणे वैभवाचे असेल आणि त्याच्या राज्याला शेवट नसेल. आज जगभरच्या चर्चमध्ये म्हटला जातो तो हा वाढीव मसुदा.

‘वैभवाने’ हे सांगण्याची गरज पडली, कारण पहिले येणे अगदीच साधे होते. जन्म गव्हाणीत, जेरुसलेममधला प्रवेश गाढवावर बसून, आणि शेवट गुन्हेगारांच्या रांगेत क्रुसावर. रोमी साम्राज्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर राजाचे येणे म्हणजे वेगळेच चित्र असे. सम्राट किंवा सुभेदार यायचा असला की नगरजन वेशीबाहेर सामोरे जात आणि त्याला वाजतगाजत शहरात आणत. इ.स. ५०च्या सुमारास थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात संत पौलाने ख्रिस्ताच्या येण्याचे वर्णन केले, त्याला अनेक अभ्यासकांच्या मते याच रिवाजाची पार्श्वभूमी आहे. तुतारी वाजेल, मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत माणसे त्यांच्यासह प्रभूला अंतराळात सामोरी जातील, असे ते वर्णन. थेस्सलनीकाकरांची चिंता घरगुती होती. आपली माणसे तो येण्याआधीच वारली, त्यांचे काय होणार? पौलाचे उत्तर त्या दुःखावरचे होते, वेळापत्रकाचे नव्हते.

त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र सूर कडक आहे. प्रभू आता येणारच, म्हणून काही जणांनी कामधंदा सोडला होता आणि ते दुसऱ्याच्या जिवावर जगत होते. काम न करणाऱ्याने जेवणाचीही अपेक्षा धरू नये, असे त्यांना सुनावले गेले.

पांढरा घोडा, तोंडातली तलवार

विजयी पुनरागमनाचे सर्वांत भव्य चित्र नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात आहे. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीस, सम्राट डोमिशियनच्या काळात ठेवतात. लेखक योहान हा पाट्मोस बेटावर होता, आणि त्याचे वाचक होते आशिया मायनरमधल्या सात शहरांतल्या छोट्या मंडळ्या. आसपास सम्राटपूजेची मंदिरे, बाजारात रोमची सत्ता. अशा वाचकांपुढे एकोणिसाव्या अध्यायात स्वर्ग उघडतो आणि पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो. डोक्यावर अनेक मुकुट, डोळे आगीसारखे, मागे स्वर्गातले सैन्य.

या स्वाराकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. त्याची वस्त्रे रक्तात बुडालेली आहेत, आणि हे वर्णन लढाई सुरू होण्याच्या आधीचे आहे. म्हणून पुष्कळ भाष्यकार ते रक्त त्याचे स्वतःचे, क्रुसावरचे मानतात. शत्रूचे मानणारेही आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे तलवार त्याच्या हातात नाही, तोंडातून निघालेली आहे. त्याचे शस्त्र म्हणजे त्याचा शब्द. याच पुस्तकात आधी सिंहाची घोषणा होते, आणि वळून पाहावे तर समोर वधलेला कोकरा उभा असतो. विजयाची भाषा साम्राज्याची, पण विजेता साम्राज्याने मारलेला माणूस: प्रकटीकरणाची सारी ताकद या उलटापालटीत आहे. ती नजरेआड करून फक्त घोडा आणि तलवार उचलणारेही प्रत्येक शतकात निघाले.

मराठी वाचकाला इथे कल्की आठवणारच. तोही पांढऱ्या घोड्यावर, तलवार घेऊन, युगाच्या शेवटी. साम्य ठसठशीत आहे, पण काळाची कल्पना निराळी. कल्कीनंतर सत्ययुग येते आणि चक्र पुन्हा फिरू लागते. ख्रिस्ती काळ एका दिशेने जातो: सृष्टी, पतन, तारण, न्याय, नवे आकाश आणि नवी पृथ्वी. तिथून पुन्हा सुरुवात नाही. मुस्लिम परंपरेतही ईसा, म्हणजे येशू, परत येणार आहेत, पण तिथे ते पैगंबर म्हणून येतात.

हजार वर्षे आधी की नंतर?

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सैतानाला हजार वर्षे बांधून ठेवल्याचा आणि ख्रिस्ताने आपल्या लोकांसह राज्य केल्याचा उल्लेख आहे. या हजार वर्षांचे करायचे काय, यावर ख्रिस्ती विचारवंतांचे तीन तट पडले.

पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात ही हजार वर्षे शब्दशः घेऊ नयेत, चर्चचा चालू काळच त्यातून सुचवला आहे, असे मांडले. कॅथलिक शिकवण ढोबळमानाने त्याच वाटेने गेली. दुसरा तट म्हणतो की सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारेल, हजार वर्षांचा सुकाळ येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. तिसऱ्याच्या मते जग बिघडतच जाणार. ख्रिस्त आधी येणार आणि हजार वर्षांचे राज्य तो स्वतः उभारणार.

हा वाद पुस्तकी वाटला तरी दुसऱ्या तटाचा धागा थेट मुंबईत पोचतो. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये सॅम्युएल हॉपकिन्स या धर्मपंडिताने १७९३मध्ये या सहस्र वर्षांवर प्रबंध लिहिला. तो सुकाळ माणसांच्या प्रयत्नांतून येणार, ही त्याची धारणा पुढच्या पिढीच्या मिशनरींमध्ये मुरली. त्या पिढीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युएल न्यूवेल यांनी जगाच्या धर्मांतरावर पुस्तक लिहिले, ते १८१८मध्ये प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती नसलेल्या जगाची साठ कोटी लोकसंख्या त्याच्या शीर्षकातच होती. हॉल १८२६मध्ये नाशिककडच्या फिरतीवर पटकीने गेला. या मिशनने मराठी छापखाना चालवला, शाळा काढल्या, १८२४मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. जग सुधारले की ख्रिस्त येईल, असे मानणारा माणूस स्वस्थ बसत नाही.

तिसऱ्या तटाला एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या आयरिश-इंग्लिश प्रचारकाने नवे वळण दिले. ख्रिस्त आधी गुपचूप येऊन आपल्या माणसांना उचलून नेईल, मग जगावर महासंकट येईल आणि शेवटी तो उघडपणे, विजयी होऊन येईल, अशी ही दोन टप्प्यांची मांडणी. १९०९च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांनी ती अमेरिकेत घरोघरी नेली. १९७०मध्ये हॅल लिंडसीच्या पुस्तकाने तिला शीतयुद्धाची आणि इस्रायलच्या स्थापनेची जोड दिली, १९९५पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबऱ्यांनी तिचे थरारनाट्य केले. समाजमाध्यमांवरच्या तारखा बहुधा याच घराण्यातल्या. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेचसे जुने प्रॉटेस्टंट पंथ ही मांडणी मानत नाहीत.

२२ ऑक्टोबर १८४४

तारखांच्या इतिहासात रक्तही सांडले आहे. जर्मनीतले म्युन्स्टर शहर ताब्यात घेतलेल्या एका बंडखोर ख्रिस्ती पंथाचा पुढारी यान मॅथिस याने १५३४मध्ये ईस्टरला न्याय होणार असे सांगितले. त्या दिवशी तो वेढा घातलेल्या फौजेवर चालून गेला आणि मारला गेला. वर्षभराने शहर पडले. उरलेल्या पुढाऱ्यांची प्रेते ठेवलेले लोखंडी पिंजरे तिथल्या संत लँबर्ट चर्चच्या मनोऱ्यावर आजही टांगलेले आहेत.

त्यामानाने विल्यम मिलरची गोष्ट सौम्य, आणि जास्त बोलकी. मिलर न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस त्याने २३०० वर्षे मानले आणि मोजणी इ.स.पू. ४५७पासून सुरू केली. २३०० मधून ४५७ वजा केले की १८४३ उरतात; तेच ख्रिस्ताच्या येण्याचे साल. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य साल नाही, हे ध्यानात आल्यावर हिशेब वर्षभर पुढे सरकला. मग सॅम्युएल स्नो या अनुयायाने यहुदी पंचांगातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून नेमकी तारीख काढली: २२ ऑक्टोबर १८४४.

हजारो लोक त्या दिवसाकडे डोळे लावून बसले. दुकाने बंद झाली, उभी पिके शेतात राहिली. न्यू हॅम्पशरमधल्या लिओनार्ड हेस्टिंग्जने बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत. त्या हंगामात शेजाऱ्यांचे काढून ठेवलेले बटाटे सडले आणि याचे उशिरा काढलेले टिकले, अशी आठवण मिलरच्या अनुयायांच्या परंपरेत सांगतात. भक्त पांढरे झगे घालून छपरांवर चढले होते, हा किस्सा मात्र इतिहासकारांनी वावडी ठरवला आहे. रात्र सरली, कुणी आले नाही. अमेरिकेच्या इतिहासात त्या दिवसाचे नावच ‘महानिराशा’ असे पडले.

पांगापांग झालीच. पण एका छोट्या गटाने तारीख बरोबर होती, घटना पृथ्वीवर न घडता स्वर्गातल्या मंदिरात घडली, असा अर्थ लावला. पटो न पटो, त्या गटाने पुढे तारखा काढणे सोडून दिले. १८६३मध्ये त्यातून सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभे राहिले. आज त्याचे सभासद दोन कोटींहून अधिक आहेत आणि जगभर त्याच्या शाळा-रुग्णालये आहेत. पुणेकरांना हे चर्च औंधच्या स्पायसर कॉलेजमुळे आणि सॅलिसबरी पार्कमधल्या ओरिएंटल वॉचमन छापखान्यामुळे ठाऊक आहे. शेवट जवळ आला असे मानणाऱ्यांनी कॉलेज बांधले, ही विसंगती वाटेल. खरे तर तारखेची आशा सोडल्यावरच त्यांना बांधकाम सुचले.

परीक्षेचा विषय

कॅथलिक पंचांगात या विश्वासाची जागा नेमलेली आहे. धार्मिक वर्षाच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण येतो. पोप पायस अकरावे यांनी तो १९२५मध्ये सुरू केला. पुढच्या रविवारी आगमनकाळ लागतो. जांभळी वस्त्रे, चार मेणबत्त्या, चार रविवार. ही नाताळची तयारी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा रोख दुसऱ्या आगमनावर असतो आणि १७ तारखेपासून गव्हाणीतल्या बाळाकडे वळतो. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. शेवटचा विजय देवाचा असेल; चर्चची सत्ता वाढत वाढत जाऊन तो येणार नाही. उलट चर्चला आधी मोठ्या कसोटीतून जावे लागेल.

आणि तारखेचे काय? त्या दिवसाची व घटकेची माहिती देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे, असे येशूच्याच तोंडी मत्तयच्या शुभवर्तमानात आले आहे. पुढे दहा कुमारींचा दाखला येतो, मग मालकाने सोपवलेल्या पैशांचा, आणि शेवटी न्यायाचे दृश्य. राजा सिंहासनावर बसतो आणि मेंढरे व शेरडे वेगळी करावीत तशी माणसे वेगळी करतो. तिथे कुणालाही त्याने भविष्याबद्दल विचारलेले नाही. भुकेल्याला जेवण दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याकडे आणि तुरुंगातल्याकडे गेलात का, एवढीच चौकशी आहे. परीक्षेची तारीख गुप्त ठेवली, पण प्रश्नपत्रिका आधीच हातात दिली.

कुतूहल असेल त्यांनी मत्तयचे चोविसावा आणि पंचविसावा हे दोन अध्याय सलग वाचावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. पहिल्याच्या सुरुवातीला शिष्य ‘केव्हा’ असे विचारतात, आणि दुसरा संपेपर्यंत त्यांना तारखेऐवजी कामांची यादी मिळालेली असते.