जुन्या अमेरिकन पिकअपच्या एका चमकत्या पट्टीसाठी लोक एवढे पैसे का मोजतात?

समजा, ॲरिझोनाच्या उन्हात एक जुनी शेव्हर्ले पिकअप उभी आहे. इंजिन गेलंय, सीट उंदरांनी खाल्लीय. मालकाला वाटतं, वजनावर भंगारात घालून मोकळं व्हावं. पण गाडी १९६७ ते १९७२ मधली असेल आणि बाजूच्या चमकत्या पट्ट्या जागेवर असतील, तर जरा थांबलेलं बरं. अख्ख्या सांगाड्याआधी या पट्ट्यांनाच गिऱ्हाईक मिळू शकतं.

या सजावटीच्या भागांना ‘ट्रिम’ म्हणतात. कंपनीच्या नावाची अक्षरं, चाकांवरच्या चकत्या, बाजूच्या पट्ट्या, मागच्या फळीवरचं पॅनेल. यातलं काहीही नसलं तरी ट्रक धावतो.

मग एवढा भाव कशाचा?

त्या काळी पिकअप म्हणजे कामाची गाडी. शेतकरी आणि ठेकेदार बहुतेक साधं मॉडेलच घ्यायचे. चमक हवी तर जादा पैसे मोजावे लागत. शेव्हर्लेचं १९७१ मध्ये आलेलं ‘शायेन’ हे असंच वरचं मॉडेल. त्यामुळे ट्रिम मुळातच कमी गाड्यांवर लागली आणि त्यातली बरीच कामाच्या धबडग्यात चेपली. आज मात्र हौशी लोक साध्या गाड्यांनाही तीच सजावट लावतायत.

पण जुनं ते सगळं सोनं नाही. भाव ठरतो धातूवर.

स्टेनलेस स्टीलची पट्टी चेपली तरी कारागीर ती ठोकून, घासून, पॉलिश करून पुन्हा उभी करतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ॲनोडायझिंगचा कडक थर असतो. तो आधी रसायनाने काढावा लागतो, नुसतं पॉलिश मारून भागत नाही. खरी डोकेदुखी जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या भागांची. क्रोमच्या खाली धातू कुजतो, वर फोड येतात. दुरुस्तीसाठी जुना थर काढायचा, प्रत्येक खड्डा साफ करून तांब्याने भरायचा, मग निकेल, मग क्रोम. मजुरीच एवढी होते, की फोड आलेल्या चिन्हाला भाव उरत नाही आणि बिनडागी चिन्ह भाव खाऊन जातं.

दुसरा घटक म्हणजे नकला. १९६७-७२ च्या शेव्हर्लेचे कित्येक भाग आज नव्याने बनतात, काही तर जनरल मोटर्सच्या परवान्याने. नवा बंपर सहज मिळत असताना चेपलेला जुना कोण घेणार? याउलट, १९५५ ते १९५८ या काळातली ‘कॅमिओ’ बघा. मागच्या बाजूंना फायबरग्लास असलेल्या या पिकअप सुमारे १० हजारच बनल्या. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी साचे बनवणं परवडणं अवघड. सगळ्यात वरचा मान मात्र त्या काळी बनलेल्या, पण कधीच गाडीवर न चढलेल्या, मूळ खोक्यातल्या भागांना.

पट्ट्यांचा अख्खा संच असेल तर तो फोडून विकू नये. डावी-उजवी वेगळी असते आणि संचातली एकच हरवलेली पट्टी शोधताना लोक मेटाकुटीला येतात. साडेसहा फुटी हौद्याची पट्टी आठ फुटी हौद्याला चालत नाही. लांब पट्टी पाठवायचा खर्चही मोठा, त्यात ती वाटेत वाकली तर सगळंच मुसळ केरात.

भाव बघताना एक चूक सर्रास होते. ईबेवर कुणीतरी मागितलेली किंमत बघून लोक हुरळतात. मागायला काय, कुणी काहीही मागेल! तिथेच विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात. खरा भाव तोच. आणि ‘अस्सल’ लिहिलंय म्हणून पैसे पाठवू नयेत. आधी मागच्या बाजूचा फोटो मागावा. पार्ट नंबर, खिळ्यांचे दांडे, खड्डे, सगळं तिथे दिसतं.

त्यात कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नियम केला, की सजावटीच्या मुलाम्यासाठी वापरलं जाणारं कर्करोगकारक हेक्झाव्हॅलंट क्रोमियम २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायचं. पर्यायी क्रोमची छटा जुन्या भागांशी तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यामुळे मूळ क्रोम शाबूत असलेला भाग हाती असेल, तर तो घाईने पुन्हा मुलाम्याला टाकण्याआधी आहे तसाच विकून बघणारे शहाणे ठरतायत.