पुण्यास नोकरीच्या शोधार्थ जाणारी आपली मुले

सदाशिव, नारायण व नवी या पेठांतून सकाळच्या प्रहरी फेरी मारली, तर अभ्यासिकांच्या दारांशी चपलांच्या रांगा लागलेल्या दिसतात. त्या चपलांचे धनी पुष्कळ अंशी शेतकऱ्यांची मुले व मुली होत. घरच्या कांद्याचे, सोयाबीनचे वा उसाचे पैसे त्यांच्या खोलीभाड्यात व खाणावळीत जातात. असा खर्च सोसणारे पालक आमच्या वाचकांत अनेक आहेत. आणि हा खर्च आणखी किती वर्षे करावयाचा, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर येतो, परंतु मुलास विचारवत नाही. सबब त्याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

शेतकऱ्याच्या मुलाने अन्य धंद्याकडे वळणे ही काही आजकालची गोष्ट नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी शहराजवळील पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी करून तिचा वृत्तांत १९१७ साली प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसते की, १७७१ साली तेथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास अवघी सात एकर उरली. गावचा संसार चालला तो पुष्कळसा बाहेरच्या, विशेषतः खडकीकडील, मजुरीच्या आधाराने. आज ते गाव शहरातच सामावले आहे, ही गोष्ट निराळी. सबंध महाराष्ट्रात कृषिगणनेप्रमाणे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टर झाले. तेव्हा दोघां भावांपैकी एकाने बाहेर पडावे यात कमीपणा मुळीच नाही. मात्र बाहेर पडून वर्षानुवर्षे एकाच दाराशी उभे राहावे काय, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

हे दार म्हणजे लोकसेवा आयोगाची परीक्षा. त्या परीक्षेची आम्ही निंदा करीत नाही. तिच्या जोरावर गरीब घरची मुले अधिकारपदास चढली आहेत. परंतु तिचा काळ उमेदवाराच्या हाती नसतो. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असता ती पुढे ढकलली गेली, आणि पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरले, त्यावर २०२३ साली पुण्यात आंदोलन झाले आणि तो बदल २०२५ पर्यंत लांबला. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची परीक्षा व आयोगाची परीक्षा एकाच दिवशी आल्यामुळे पुन्हा तोच प्रकार घडला. पाऊस लांबला म्हणजे आपण पीक बदलतो. परीक्षा लांबली म्हणजे मात्र मुलगा खोलीचे भाडे भरीत बसतो. राज्यसेवेकरिता वयाची मर्यादा खुल्या वर्गास ३८ व मागासवर्गीयांस ४३ वर्षे आहे. पण कायद्याने जेथवर जाऊ दिले तेथवर जावेच, असे नाही. पस्तिसाव्या वर्षी रिकाम्या हाताने परतलेल्या मुलास गावात काय ऐकावे लागते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको.

आमचे म्हणणे असे की, पुण्यास धाडण्यापूर्वीच बापलेकांनी, आणि आईनेही, एकत्र बसून मुदत ठरवावी व ती वहीत लिहून ठेवावी. पूर्ण वेळ अभ्यासास तीन वर्षे पुष्कळ झाली. दोन प्रयत्नांत पूर्वपरीक्षाही उतरली नाही, तर तिसरे वर्ष कमाई सांभाळून करावे. खर्चही रुपयांत न मांडता मालात मांडावा, म्हणजे तो डोळ्यांपुढे राहतो. महिना दहा हजार रुपये धरले तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. कांद्यास क्विंटलला दीड हजार भाव मिळाला असे धरल्यास हा ऐंशी क्विंटल कांदा झाला, आणि त्यात बी, खत, मजुरी व गाडीभाडे वजा केलेले नाही! हा हिशेब मुलास टोचण्याकरिता नव्हे. त्याने तो स्वतः मांडावा, म्हणजे निर्णय त्याचा होतो.

आता दुसऱ्या दाराविषयी. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, नोकरीच्या अर्जात शेतकऱ्याचा मुलगा शेतीचा उल्लेख फक्त ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात करतो. स्वतः काय केले ते लिहीत नाही. द्राक्षबागेतील फवारणीची नोंदवही ज्याने दोन हंगाम ठेवली, पाच एकरांवरील ठिबक ज्याने बसविले व दुरुस्त केले, वीस मजुरांची हजेरी व पगार ज्याने सांभाळला, त्याने ते नेमक्या आकड्यांनिशी लिहावे. बियाण्यांच्या व खतांच्या कंपन्या, ठिबकवाले, शीतगृहे, निर्यातीचे पॅकहाउस, शेतकरी उत्पादक कंपन्या यांस असाच माणूस हवा असतो. एकच अर्ज पन्नास ठिकाणी पाठविण्यापेक्षा, जागा पाहून पाच अर्ज निरनिराळे लिहावेत. आणि ज्या दुकानदारास आपण दहा वर्षे माल घालतो, ज्या गुलटेकडीच्या अडत्याशी आपला व्यवहार आहे, त्यास ‘मुलाकरिता कोठे जागा आहे काय’ असे विचारण्यास लाजू नये. पुष्कळ जागा जाहिरातीत येण्यापूर्वीच अशा ओळखीने भरतात.

जो मुलगा कारखान्याकडे जाऊ पाहतो, त्याने औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी हातचा धंदा शिकावा व मग शिकाऊ उमेदवारी धरावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे त्या काळात विद्यावेतन मिळते. शेतीस लागून असलेला धंदा करावयाचा असेल, तर तळेगाव दाभाडे येथील संस्थेत हरितगृहाचे प्रशिक्षण मिळते. कृषी पदवीधरांकरिता केंद्र सरकारची कृषी चिकित्सालय योजना २००२ पासून आहे. जो कोणी नोकरी लावून देण्याकरिता अनामत म्हणून पैसे मागेल, त्यास एक पैसाही देऊ नये. खरा मालक पगार देतो, पैसे मागत नाही.

प्रौढ वयात धंदा पालटण्याचाही प्रसंग पुण्याच्या आसपास अनेकांवर आला. हडपसरच्या मगर मंडळींची हकीकत या बाबतीत ध्यानात घेण्याजोगी आहे. शहर अंगावर चालून येत आहे हे पाहून तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली नाही. ती एकत्र करून श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली, व जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकास भाग मिळाले. २००० च्या सुमारास बांधकामास आरंभ झाला. त्यात आम्हांस विशेष वाटते ते हे की, पुष्कळ घरांनी त्याच कामातील लहानमोठे ठेके घेतले आणि आयुष्यभर नांगर धरलेली माणसे नव्या धंद्यात शिरली. जमिनीचा मोबदला घेऊन मोटार व लग्न यांत उडविणाऱ्यांची उदाहरणे वाचकांस ठाऊक आहेतच. ती येथे देत नाही.

शेवटी घरच्या जमिनीविषयी. मुलगा नोकरीस लागला म्हणून त्याच्या वाट्याची जमीन घाईने विकू नये; पहिली वर्ष-दोन वर्षे नोकरी टिकते की नाही हे कळत नाही. ती भावाकडे वा दुसऱ्याकडे कसावयास द्यावी, पण तोंडी नव्हे. मुदत, खंड वा वाटा, विहिरीच्या पाण्याची पाळी व वीजबिल कोणी भरावयाचे हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. जो घरी राहून जमीन कसतो, त्याच्या कष्टांचा दाम त्या कागदात आधी धरावा आणि मग वाटा ठरवावा. पुण्याहून दिवाळीस आलेल्या भावाने धान्याची पोती मोजण्यावरून जी भांडणे होतात, त्यांतली निम्मी हा एक रकाना न लिहिल्याने होतात.